आधी कुणाची कुटली?

आप्पा,

आज सकाळी पुन्हा एका बाईनं मला तोच प्रश्न विचारला. बाई नवीन होती, कळंब्याकडच्या नव्या बिल्डिंगीतली. रिक्षातून उतरली, मिरचीचा डबा खाली ठेवला, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "ह्याच्या आधी कुणाची कुटलीसा वो?" मी म्हणाले, "आमच्या घरची." ती माझ्याकडं बघत राहिली, मग उखळाकडं बघितलं, मग "बरं बरं" म्हणून बाकड्यावर बसली. सीझनचा पहिला दिवस होता. संध्याकाळी मशीन बंद केल्यावर घरी जायचं सोडून मी इथंच गल्ल्यापाशी बसले आणि तुम्हाला लिहायला घेतलं, कारण मला तुमचा राग आला. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग निवतो असं सगळे म्हणतात. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, माझा काही निवला नाही.

तुम्हाला हा डंक कधीच आवडला नाही. लोखंडी मुसळं वर जाणार, उखळात आपटणार, दिवसभर धाड धाड, आणि सगळ्या गल्लीत मिरचीचा खकाणा. "कान जातील तुझं," म्हणायचात. कान शाबूत आहेत. खोकला तेवढा येतो उन्हाळ्यात, तो काय, चटणी कुटून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईलाच येतो. पण तुमचं भांडण डंकाशी नव्हतंच. तुमचं भांडण होतं माझ्या नोकरी नसण्याशी.

तुम्ही मॅट्रिक झालात, मुरगूडजवळच्या आपल्या गावातून, आपल्या वस्तीतून पहिले. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव नोंदवलंत, कॉल आला, मुलाखतीला शेजारच्या गावच्या मास्तरांचा शर्ट घालून गेलात, बाह्या लांब होत्या म्हणून दुमडून घेतल्या होत्यात. आणि थोड्याच दिवसांत तुम्ही सरकारी कचेरीत कारकून. ही गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत की त्या शर्टाचा रंग मला न बघता माहीत आहे. नोकरीनं तुम्हाला गावातून उचललं आणि कोल्हापुरात आणून बसवलं. आधी भाड्याच्या दोन खोल्या, मग स्वतःचं घर, आजारपणाची रजा, दिवाळीला ॲडव्हान्स, शेवटी पेन्शन. यातलं काही तुम्हाला फुकट मिळालं नाही, हे मला मान्य आहे. शाळेला अनवाणी चालत गेलात, वर्गात दाराजवळ बसलात, तरी शिकलात. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण ज्या दारातून तुम्ही आत गेलात ते दार तुमच्या मागं बंद झालं, आणि तुम्ही आतून आम्हाला सांगत राहिलात, जरा जोरानं ढकला की.

मी बी.कॉम. झाले तेव्हा नव्वदीचं दशक अर्धं सरत आलं होतं. टायपिंगच्या दोन्ही भाषांच्या परीक्षा दिल्या. जिथं जिथं जागा निघेल तिथं अर्ज टाकला. कधी भरती निघायची आणि स्थगित व्हायची. कधी लेखी परीक्षा होऊन यादीच लागायची नाही. तुमच्याच कचेरीत तुमच्या निवृत्तीनंतर तुमची खुर्ची रिकामी राहिली, आणि तुमचं काम शेजारच्या टेबलावर ढकललं गेलं. हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, हसत हसत, की तुमच्यावाचून त्यांचं अडलंय. अडलं नव्हतं, आप्पा. त्यांना ती खुर्चीच नको झाली होती. तुमच्या डोक्यात ही साधी गोष्ट का शिरत नव्हती?

आणि माझ्या धाकट्या भावाचं काय झालं? तुमच्या सांगण्यावरून त्यानं आयटीआय केला, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत लागला. तुम्ही पेढे वाटलेत. काही महिने झाले आणि त्याला ब्रेक दिला. पर्मनंट करायला लागू नये म्हणून माणसाला मधेच घरी बसवायचं आणि पुन्हा नव्यानं घ्यायचं, याला ते ब्रेक म्हणतात, जणू चहा प्यायला सोडलंय. तुम्ही त्याला विचारलंत, "काय चुकलं रं तुझं?" त्याचं काही चुकलं नव्हतं. तो पोरगा मान खाली घालून जेवत राहिला. त्या दिवशी मला तुमच्या हातातलं ताट ओढून घ्यावंसं वाटलं होतं. तुमच्या हिशेबात नोकरी म्हणजे अभ्यासाचं बक्षीस होतं. ज्याला मिळालं नाही तो अभ्यासात कमी पडला, झालं. माझ्या प्रत्येक न लागलेल्या यादीनंतर तुम्ही एकच वाक्य म्हणायचात, "अजून जरा वाचाय पायजे हुतं." घराबाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडलं नसतं.

डंक काढायचं मी ठरवलं ते आईला मदत करता करता. उन्हाळ्यात चटणी कुटायला तिच्याबरोबर जायचे, तिथं सकाळपासून नंबर लावून बायका बसलेल्या असायच्या, आणि डंकवाला कुणाशी नीट बोलायचा नाही. मला वाटलं, हे मी करू शकते. कळंबा रस्त्याला एक गाळा मिळाला, शिरोलीत जुनं मशीन मिळालं, धाकट्यानं ते स्वतः उघडून साफ करून बसवलं. पैसे माझ्या शिकवण्यांचे आणि आईनं भिशी उचलली त्याचे. तुमच्याकडं मी मागितले नाहीत. मला फक्त तुम्ही "बरं" म्हणायला हवं होतं.

तुम्ही म्हणालात, "आपल्या लोकांस्नी गिरणीच्या दारातनं भाईर काढाय एक पिढी गेली. आनि तू परत तितंच जाऊन हुबी ऱ्हाणार?"

मी म्हणाले, "दारात न्हाई आप्पा, आत. मालकीण म्हणून."

तुम्ही पेपर उघडलात आणि माझ्या आणि तुमच्या मधे धरलात.

सुरुवात करायची त्या दिवशी विहारातून भन्तेजी आले, वंदना झाली, खीर वाटली. मला हौस होती की डंकावर पहिली चटणी आपल्या घरची कुटावी. आईनं आदल्या दिवशी ब्याडगी आणि जवारी मिरची उन्हात टाकून, देठं काढून, धणे-तीळ-खोबरं भाजून, कांदा तळून सगळं तयार ठेवलं होतं. तुम्ही तिला डबा उचलू दिला नाहीत. "आपली मागनं," म्हणालात, "गिऱ्हाइकाची हू दे आदी." मला वाटलं, हे धंद्याचं शहाणपण आहे. मग वाटलं, नाही, ही नाराजी आहे. पोरीच्या डंकावर पहिली चटणी कुटून आपण तिला होकार दिला असं व्हायला नको, म्हणून. पहिली चटणी शेजारच्या वकिलांच्या घरची कुटली. मी हसत होते आणि आतून जळत होते.

आधी कुणाची कुटली, हा प्रश्न मी त्याच आठवड्यात ऐकायला शिकले. सरळ प्रश्न आहे, प्रत्येक डंकावर विचारतात. कुणाला आधीच्या गरम मसाल्याचा वास आपल्या चटणीत नको असतो. कुणाची मिरची पोटाच्या दुखण्यासाठी मुद्दाम सौम्य घेतलेली असते. जैन बायकांना कांदा-लसूण चालत नाही, म्हणून त्यांच्या आधी उखळात मूठभर खडेमीठ टाकायचं, मुसळं चालवायची, सगळा वास मिठात उतरला की ते काढून टाकायचं, फडक्यानं पुसायचं आणि मगच त्यांची मिरची घालायची. हे मी पहिल्या आठवड्यात शिकले आणि अभिमानानं करायचे. बाकीच्यांना नुसता कुंचा फिरवला तरी चालतं. पण कुणी कुणी प्रश्न विचारून थांबत नसे. "आधी कुणाची" झालं की "तुमचं आडनाव काय म्हनलासा?" यायचं. मग "गाव कंचं?" यायचं. मी आडनाव सांगायचे, गाव सांगायचे. काही जणी डबा ठेवायच्या. काही जणींना अचानक घरी काम आठवायचं. मी घरी येऊन सांगायचे, नवीन धंदा आहे, बसायला वेळ लागतो.

मग तो एप्रिलचा दिवस. गर्दी भरपूर, बाकड्यावर जागा नाही, दारात डब्यांची रांग. आणि त्या रांगेच्या शेवटी तुम्ही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कचेरीत घालायचे ते बूट, हातात आपला डबा. डबा घेऊन तुम्ही पहिल्यांदाच डंकावर आला होतात. मला इतका आनंद झाला की मी मशीनच्या आवाजावर ओरडले, "आप्पा, या की आत, इकडं या!" बायकांनी मागं वळून बघितलं. तुम्ही मान हलवलीत. माणूस सरकला की डबा पायानं पुढं सरकवत होतात. तुमचा नंबर आला तेव्हा मागची बाई पुढं घेतलीत, "जावा तुमी, मला घाई न्हाय." तिच्या मागच्या बाईलाही तेच. दुपार झाली, तीन वाजले, चार वाजले. जी येईल तिला तुम्ही पुढं घालत होतात आणि आपण मागं सरकत होतात. शेवटी दुकानात कुणी उरलं नाही, तेव्हा तुम्ही डबा उचलून आत आणलात आणि म्हणालात, "आता घाल."

मी कुटून दिली. घरी आल्यावर बोलले. आई मधे पडली तरी बोलले. "तुम्हाला एवढी लाज वाटते माझी? पोरीच्या दुकानात लोकांनी बघू नये म्हणून दिवसभर तिष्ठत राहिलात?"

तुम्ही म्हणालात, "लाज न्हवं गं. माज्या मागनं कोण कुटून घेनार हाय?"

मग तुम्ही सांगितलंत. गावातल्या गिरणीबद्दल. तुमची आई ज्वारीची पाटी घेऊन सकाळी जायची आणि गिरणीपासून लांब, बांधाच्या कडेला बसायची. सगळ्या गावाचं दळून झालं की गिरणीवाला हाक मारायचा. आपलं दळण नेहमी शेवटचं, कारण आपल्यानंतर कुणी दळून घेत नसे. आपलं झालं की तो गिरणी बंद करायचा. एकदा पाऊस येईल म्हणून त्यानं आपलं मधेच दळून दिलं, तर मागच्या बायका धान्य घेऊन परत गेल्या आणि गिरणीवाल्यानं तुमच्या आईला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. तुम्ही तेव्हा तिच्या शेजारी उभे होतात. हे तुम्ही मला त्या दिवसापर्यंत कधी सांगितलं नव्हतंत. मास्तरांच्या शर्टाच्या बाह्या शंभर वेळा सांगितल्यात, हे नाही.

"तुजा धंदा बुडाय नगो म्हून हुबा ऱ्हायलो," म्हणालात.

मला तुमची दया यायला हवी होती, आणि मी आणखी भडकले. मी म्हणाले, "ते तुमचं गाव होतं. हे शहर हाय. तुमचा काळ गेला." तुम्ही म्हणालात, "म्हून तर म्हनत हुतो नोकरी बघ. कचेरीत मान असतोय मानसाला." आणि मी ते बोलले जे मला कित्येक वर्षं ठाऊक होतं: "मग पाण्याचा पेला घरातनं कशाला नेत होता तुम्ही? तीस वर्षं डब्याच्या पिशवीत स्टीलचा पेला कशासाठी होता?" लहानपणी मला वाटायचं, तुम्हाला स्वच्छतेची आवड आहे. तुम्ही पायातले बूट काढून दाराशी एकमेकांना लावून ठेवलेत आणि आत गेलात. मला आजही वाटतं, मी खरं तेच बोलले. तुम्ही पेला घेऊन जाणं आणि मी आडनाव सांगणं, यात तुमची नोकरी माझ्या डंकापेक्षा वर कशी झाली, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईकडून उरलेली मिरची मागून घेतली आणि सगळ्यांच्या आधी आपली कुटली. पहिली बाई आली, तिनं विचारलं. "आमच्या घरची," मी म्हणाले, आवाज जरा चढाच होता. ती बसली. दुसरी बसली. तिसरीनं ऐकलं, पदर सावरला, डबा उचलला आणि म्हणाली, "जरा दळान टाकून येतो." ती परत आली नाही. तिच्याबरोबर आलेलीही गेली. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही किती कुटलं हे विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "कोण गेलं?" मी म्हणाले, "कोण न्हाई." पुढच्या सीझनच्या आधीच तुम्ही गेलात. सकाळी चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत नव्हतात.

डंक चालला, आप्पा. ज्या गेल्या त्या गेल्या, ज्या राहिल्या त्यांनी आपल्या बहिणी आणल्या. आता तयार चटणीची पाकिटंही करते, त्यावर आपलं आडनाव मोठ्या अक्षरात छापलंय. दोन वर्षांपूर्वी महिला उद्योजकांच्या एका कार्यक्रमात मला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. प्रमुख पाहुणे निवृत्त अधिकारी होते. माइक हातात घेऊन म्हणाले, आजच्या तरुणांनी नोकरीच्या मागं लागू नये, नोकऱ्या देणारं व्हावं. टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतः जन्मभर पगार घेतलेला, पेन्शन घेणारा माणूस आम्हाला सांगतोय की नोकरी मागू नका! जागा यांनीच बंद केल्या आणि आता आमच्या धडपडीला यांनी उद्योजकता असं नाव दिलंय. मी हौसेनं नाही काढला डंक. मला खुर्ची मिळाली असती तर मी बसले असते, आणि तुमच्यासारखे बूट घालून गेले असते. तुम्ही म्हणायचात नोकरीच कर, हे म्हणतात नोकरी मागूच नको, आणि दोघांच्याही बोलण्यात चूक माझीच. धाकट्याला अजून ब्रेक मिळतो. आता त्याचे केस पिकायला लागलेत.

तुमच्यावर मात्र माझा खरा राग वेगळाच आहे. तुम्ही माझ्या दुकानात, माझ्या मालकीच्या छताखाली, सगळ्या जगाला पुढं घातलंत आणि स्वतः शेवटी राहिलात. कुणी सांगितलं होतं? एकाही बाईनं तुम्हाला मागं व्हा म्हटलं नव्हतं. तुम्हीच बांधाची ती कड इथपर्यंत उचलून आणलीत. म्हणून दरवर्षी सीझनच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आपली कुटते. ही माझी रीत आहे, आणि ती मी तुम्हाला दाखवण्यासाठी पाळते.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार होते. ती रोज सकाळी तुमच्या फोटोशी बोलते, तेव्हा तिनं तुम्हालाही ऐकवलं असतं. पण आता नाही दाखवणार. आज सकाळी ती नवीन बाई यायच्या आधी एक झालं. आपली चटणी कुटून झाली, मी ती डब्यात भरली, आणि उखळात मूठभर खडेमीठ टाकून मुसळं चालू केली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मावशी यंदा नव्यानं लागल्यात. त्यांनी विचारलं, "पुढची जैन हाय व्हय ताई?"

"न्हाई."

"मग मीठ कशाला वाया घालवतायसा? कुंचा मारला की झालं."

मी म्हणाले, "सवय हाय." मग दिवसभर आठवत राहिले. गेल्या वर्षी टाकलं होतं. त्याच्या आधीच्या वर्षीही. पुढं जैन बाई नसेल तर दुसऱ्या कुणाच्या चटणीनंतर मी मीठ टाकत नाही, आप्पा. फक्त आपल्या. त्या बाईला मी ठणकावून सांगितलं की आधी आमच्या घरची कुटली, पण तोवर उखळ मिठानं पुसून झालं होतं.